कृष्णा पुलापलीकडचे स्वराज्य

कराडहून पूर्वेकडे निघावे, कृष्णेचा पूल ओलांडून सैदापूर-विद्यानगरची वस्ती मागे टाकावी, विट्याच्या रस्त्याने ओगलेवाडीपर्यंत जावे आणि ऊन तापण्यापूर्वी परत फिरावे, असा आम्हा दोघा सेवानिवृत्तांचा पावसाळा ओसरल्यानंतरचा सायकलीचा शिरस्ता आहे. माझे सोबती अप्पासाहेब हे गटविकास अधिकारी होते. मी जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळांत उमेदीची सारी वर्षे काढली. एकाच संस्थेचे मीठ आम्ही दोघांनी खाल्ले, परंतु त्यांनी ती कचेरीच्या दफ्तरातून पाहिली आणि मी गावच्या ओसरीवरून, त्यामुळे तिच्याविषयी आमचे एकमत होणे दुर्घट आहे. 2025 च्या आश्विनात कोजागिरी होऊन गेल्यावर एका सकाळी आमच्यात जो वाद झाला तो मी येथे लिहून ठेवीत आहे, कारण तो आमच्या दोघांपुरता नाही. ज्या राज्यात बहुतेक जिल्हा परिषदा आणि नगरपालिका तीन वर्षांहून अधिक काळ लोकप्रतिनिधींवाचून चालविल्या गेल्या, त्या राज्यात तो पारापारावर व्हावयास हवा होता.

वादाला निमित्त झाले ते एका फलकाचे. मोटारीतून जाणाऱ्यास फलकावरचा एखादा चेहरा ओझरता दिसतो. सायकलीवरच्या माणसास मात्र खालच्या कोपऱ्यातल्या शुभेच्छुकांची नावेही वाचून होतात. पुलाच्या अलीकडे एका वळणावर दसऱ्याच्या शुभेच्छांचा फलक अजून उतरविलेला नव्हता. त्यावर मधोमध हात जोडलेला एक तरुण, त्याच्या नावाखाली पदाचे नाव आणि पदाआधी 'भावी' हे विशेषण, आणि वरच्या पट्टीत नेत्यांची लहान लहान वर्तुळाकार छायाचित्रे. हा तरुण 2022 सालापासून 'भावी' होता. त्या अवधीत वरच्या पट्टीतली वर्तुळे एकदा जून 2022 नंतर बदलली आणि पुन्हा जुलै 2023 नंतर बदलली. दोन पक्ष दुभंगले, मुख्यमंत्री बदलले, लोकसभेची आणि विधानसभेची निवडणूक होऊन गेली, 5 डिसेंबर 2024 रोजी नव्या सरकारचा शपथविधी झाला, आणि तरीही या मुलाच्या नावापुढे शिक्का मारण्याची वा बटण दाबण्याची संधी एकाही मतदाराला मिळालेली नव्हती.

मी हे बोलून दाखविले तेव्हा अप्पासाहेब म्हणाले, "गुरुजी, तुम्हांला त्या मुलाची हळहळ वाटते. मला मात्र असे वाटते की या तीन-साडेतीन वर्षांत कारभार अडला कोठे, हे कुणीतरी मला दाखवून द्यावे. शाळा भरल्या, दवाखाने चालले, पाणी आले, देयके निघाली. मार्च 2022 मध्ये आपल्या जिल्हा परिषदेची मुदत संपली, मुख्य कार्यकारी अधिकारी प्रशासक झाले, पंचायत समितीत गटविकास अधिकारी प्रशासक झाले. लोकांना त्याचा पत्ता तरी लागला काय?"

"पत्ता लागला नाही, हेच मला भयंकर वाटते," मी म्हणालो.

"भयंकर म्हणा, पण आधी माझे ऐका. मी ज्या खुर्चीवर बसलो तिच्यासमोर काय चालते ते तुम्ही शाळेतून पाहिलेले नाही. सभापतीची निवड जवळ आली की सदस्य सहलीला जातात; कोठे जातात ते घरच्यांनाही ठाऊक नसते, आणि निवडीच्या सकाळी एकाच गाडीतून उतरतात. सर्वसाधारण सभेत पहिला तास कोणाच्या गटात किती कामे गेली यावर जातो, दुसरा तास कोणा ठेकेदाराचे देयक का अडले यावर. अंदाजपत्रकाची चर्चा मी क्वचित ऐकली. शिक्षकांच्या बदल्यांचे दिवस आले म्हणजे माझ्या दालनाबाहेर तुमचेच बंधू सदस्यांना घेऊन उभे असत, हे तुम्ही नाकारणार नाही. महिलांना निम्म्या जागा 2011 साली मिळाल्या. त्यांतल्या कितीतरी जणी कर्तबगार निघाल्या, पण कितीकांच्या वतीने पतिराजच खुर्ची ओढून बसत. प्रशासक आल्यावर हे सारे थांबले. फाइल आली, नियम पाहिला, सही झाली. ज्याला नियमाने मिळावयाचे त्याला मिळाले."

यांतले एकही विधान खोटे नव्हते. निवृत्त अधिकाऱ्याच्या बोलण्यात अनुभवाचे जे वजन असते ते मी मानतो, आणि अप्पासाहेबांचा हात सेवेच्या अखेरपर्यंत स्वच्छ राहिला, ही गोष्ट तालुका जाणतो. परंतु एखाद्या संस्थेत माणसे वाईट वागतात म्हणून ती संस्थाच माणसांवाचून चालवावी, हा न्याय जर शिरोधार्य मानला तर तो जिल्हा परिषदेपाशीच का थांबावा? जून 2022 मध्ये विधानसभेतील सदस्यही सहलीला गेले. प्रथम सुरतेस, मग गुवाहाटीस, मग गोव्यास, आणि ते साऱ्या देशाने पाहिले. म्हणून विधानभवनात प्रशासक बसवावा, असे कोणी म्हटले नाही.

"ते निराळे," अप्पासाहेब म्हणाले. "तेथे राज्य चालवावयाचे असते."

त्यांच्या या एका वाक्यापाशी मला आमच्या मतभेदाचे मूळ सापडले, आणि पुढचा फर्लांगभर मी त्याच एका मुद्द्यावर बोललो. राज्य वर चालते आणि खाली केवळ अंमलबजावणी होते, ही कल्पना ज्यांनी हे राज्य उभे केले त्यांची नव्हती. महाराष्ट्राची स्थापना 1 मे 1960 रोजी झाली आणि त्याच वर्षी यशवंतराव चव्हाणांच्या सरकारने तत्कालीन महसूलमंत्री वसंतराव नाईक यांच्या अध्यक्षतेखाली लोकशाही विकेंद्रीकरणाची समिती नेमली. तिचा अहवाल 1961 साली आला, त्याच वर्षी कायदा झाला आणि 1 मे 1962 रोजी जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या. केंद्राच्या बलवंतराय मेहता समितीने तालुक्याच्या पातळीवर भर दिला होता. नाईक समितीने तो जिल्ह्यावर दिला, कारण योजना आखावयाची आणि पैसा हाताळावयाचा तर संस्था पुरेशी मोठी हवी. जिल्हाधिकाऱ्यास तिने परिषदेच्या बाहेर ठेवले आणि परिषदेला स्वतःचा मुख्य कार्यकारी अधिकारी दिला. आणि जी गोष्ट आज कोणी उच्चारीत नाही ती अशी, की आमदार-खासदारांना तिने परिषदेचे सदस्यत्व नाकारले. अन्य काही राज्यांत आमदार हे पंचायत समितीत पदसिद्ध जाऊन बसत. महाराष्ट्राने ते हेतुपुरस्सर टाळले, कारण मुंबईत कायदा करणारा माणूस तालुक्यात येऊन बसला म्हणजे त्याच्या शेजारी दुसऱ्या कोणाचे डोके वर निघत नाही, याची त्या पिढीला जाण होती.

"आता हे पाहा," असे म्हणून मी सायकल थांबविली. रस्त्याच्या कडेला बसथांब्याची शेड होती. शेडच्या कपाळावर, आतल्या बाकाच्या पाठीवर आणि शेजारच्या हायमास्ट दिव्याच्या खांबावर अशा तीन ठिकाणी स्थानिक विकास निधीतून हे काम झाल्याचे आणि निधी देणाऱ्याचे नाव रंगविलेले होते. आमदारास या निधीपोटी वर्षाला 5 कोटी रुपये मिळतात. बाक, शेड, दिवा, पेव्हर ब्लॉक, सभामंडप ही सारी कामे ग्रामपंचायतीची, नगरपालिकेची वा फार तर जिल्हा परिषदेची. "अप्पासाहेब, तुम्ही म्हणता पोकळी निर्माण झाली नाही. पोकळी निर्माण झाली आणि ती लगोलग भरली गेली. प्रशासकाने ती भरली नाही. प्रशासकाला वरून फोन करणाऱ्याने भरली. जिल्हा नियोजन समितीचे घ्या. तिचे किमान चार पंचमांश सदस्य जिल्हा परिषदेतून आणि नगरपालिकांतून निवडून आलेले असावेत, असे संविधान सांगते. ज्या जिल्ह्यात या संस्थाच रिकाम्या, तेथे ते चार पंचमांश कोठून आणावयाचे? मग उरतात ते पालकमंत्री आणि आमदार. जानेवारी 2025 मध्ये पालकमंत्र्यांची यादी निघाली आणि दुसऱ्याच दिवशी रायगड व नाशिक येथील नेमणुकांना स्थगिती द्यावी लागली. एका सरकारातले तीन पक्ष त्या दोन जिल्ह्यांवरून हटेनात. जिल्ह्याचा सारा पैसा एका खुर्चीच्या सहीवर येऊन ठेपला नसता, तर त्या खुर्चीसाठी एवढी ओढाताण झाली असती काय?"

अप्पासाहेबांनी उत्तर दिले ते माझ्या मुद्द्याला बगल देणारे नव्हते, तर त्याहून जड असे होते. "तुम्ही एक गोष्ट सोडून बोलत आहात. निवडणुका कोणी हौसेने अडविल्या नाहीत. 4 मार्च 2021 रोजी सर्वोच्च न्यायालयाचा निर्णय आला. इतर मागासवर्गीयांचे 27 टक्के आरक्षण ज्या कलमावर उभे होते ते, आकडेवारी नाही म्हणून, टिकले नाही. आता सांगा, निम्म्याहून अधिक गावगाडा ज्या बलुतेदार-अलुतेदारांनी ओढला, माळी-धनगर-वंजाऱ्यांनी ओढला, त्यांच्या जागा खुल्या करून निवडणुका उरकावयाच्या होत्या? डिसेंबर 2021 आणि जानेवारी 2022 मध्ये शंभरावर नगरपंचायतींत तसेच झाले. त्या समाजांच्या राखीव जागा सर्वसाधारण करून मतदान घेतले गेले. तेथे ज्यांची संधी गेली ती पाच वर्षांसाठी गेली. थांबण्यात न्याय होता, गुरुजी."

हा युक्तिवाद ऐकून मी काही काळ पेडल मारीत राहिलो. दोन्ही बाजूंना उसाचे फड पुरुषभर उंच झाले होते. कारखान्यांची धुराडी अजून थंड होती. जो समाज शतकानुशतके पंक्तीच्या टोकाला बसविला गेला, त्याला वगळून पंगत उठवावी असे मी कधीही म्हणणार नाही. परंतु थांबणे आणि थांबवून ठेवणे यांत अंतर आहे. मार्च 2022 मध्ये प्रभागरचनेचा अधिकार राज्य निवडणूक आयोगाकडून काढून सरकारने स्वतःकडे घेतला, आणि तो कायदा दोन्ही सभागृहांत एकमताने झाला. सत्ताधारी आणि विरोधक यांचे ज्या थोड्या गोष्टींवर त्या वर्षी मतैक्य झाले त्यांत ही एक. जुलै 2022 मध्ये मागासवर्गीयांच्या आकडेवारीसाठी नेमलेल्या बांठिया आयोगाचा अहवाल आला आणि न्यायालयाने निवडणुका घेण्यास सांगितले. तेवढ्यात सरकार बदललेले होते. आधीच्या सरकारने मुंबईचे प्रभाग 227 वरून 236 केले होते, नव्या सरकारने ऑगस्टमध्ये ते पुन्हा 227 केले, आणि प्रकरण पुन्हा न्यायालयात जाऊन 'जैसे थे'च्या हुकुमाखाली पडून राहिले. नगराध्यक्ष थेट लोकांतून निवडावा की नगरसेवकांतून, हे 2016 साली एक, 2020 साली दुसरे आणि 2022 साली पुन्हा पहिले असे ठरले, सरपंचाचेही तसेच. मागासवर्गीयांच्या न्यायासाठी जो काळ लागला त्याची मुदत सव्वा वर्षाची. त्यापुढची सारी वर्षे कोणत्या रचनेत कोणाचा लाभ, या हिशेबात गेली. आणि अखेर 6 मे 2025 रोजी न्यायालयाने जो आदेश दिला तो काय दिला? बांठिया अहवालापूर्वी जे आरक्षण होते त्यासह निवडणुका घ्या, असा. तीन वर्षे थांबून जे हाती आले ते थांबण्यापूर्वी जेथे होते तेथेच होते.

ओगलेवाडीला पोहोचलो तेव्हा कराड रेल्वे स्थानकाच्या बाजूच्या चहाच्या टपरीवर एक शेतकरी बाकावर बसलेला होता. गाव दूरचे, दुसऱ्या तालुक्यातले. अप्पासाहेबांना त्याने ओळखले, कारण त्यांच्या सेवेतली काही वर्षे तिकडे गेली होती. त्याने प्लॅस्टिकच्या पिशवीतून कागदांची एक चळत काढली. अर्ज होते, प्रत्येकावर आवक क्रमांकाचा गोल शिक्का, आणि प्रत्येकाचा विषय एकच: शिवारातल्या ओढ्यावरची मोरी वाहून गेल्याबाबत. दोन पावसाळे झाले, सिमेंटचा नळा फुटून पात्रात आडवा पडला आहे, भराव खचला आहे, आणि उसाने भरलेली ट्रॉली तेथून नेण्यास कोणी ड्रायव्हर धजत नाही. "ग्रामपंचायत म्हनती रस्ता आमचा न्हाई, परिषदेचा. परिषदेत गेलं की म्हंत्यात निधी नियोजनातनं येतोय. नियोजनात गेलं तर आमदारांचं पत्र आना. पत्र आनलं. आता म्हंत्यात यादीत न्हाई." एवढे बोलून त्याने विचारले, "सायेब, पयलं आमचं मेंबर व्हतं, रोज दारावरनं जायाचं. आता कुनाला धरायचं?"

अप्पासाहेबांनी चहा बाजूस ठेवला आणि ते सारे कागद क्रमाने वाचले. मग खिशातून पेन काढून त्यांनी त्याला दाखविले की एकाही अर्जात रस्त्याचा ग्रामीण मार्ग क्रमांक लिहिलेला नाही, त्यामुळे बांधकामाच्या शाखेस हे काम कोणत्या शीर्षाखाली धरावे हेच कळत नसेल. तलाठ्याकडून नकाशाची नक्कल घे, क्रमांक घाल, खचलेल्या भरावाची लांबी टाक, आणि पूरहानीच्या दुरुस्तीखाली माग, असे सांगून त्यांनी तेथेच एका कोऱ्या कागदावर नवा अर्ज लिहून दिला. अक्षर टपोरे, परिच्छेद तीन, शेवटी 'आपला विश्वासू'. शेतकऱ्याने तो कागद इतर कागदांत न मिसळता निराळा घडी करून खिशात ठेवला.

"पाहिलेत?" सायकलीवर बसताना अप्पासाहेब म्हणाले. "त्याला सदस्य नको होता. नीट अर्ज लिहून देणारा माणूस हवा होता."

"तो माणूस आज त्याला भेटला, कारण तुम्ही त्याच टपरीवर थांबलात," मी म्हणालो. "तुमच्या खुर्चीवर आज जो बसला आहे त्याच्यावर त्याला अर्ज लिहून देण्याचे बंधन नाही, आणि नाही दिला तर तो अधिकारी काही गमावीत नाही, त्याची बदली होईल ती त्या मोरीमुळे नव्हे. सदस्याने मात्र दोन पावसाळे मोरीकडे पाठ फिरविली असती तर तिसऱ्या वर्षी त्या वस्तीची मते त्याला मिळाली नसती. सदस्य सज्जन असतो असे मी म्हणतच नाही. तो सज्जन नसला तरी त्याला त्या रस्त्याने यावे लागते."

"आणि अधिकारी सज्जन असला तर?"

"तर आपण उभे आहोत त्या जागेकडे पाहा."

आम्ही ओगले काच कारखान्याच्या जुन्या आवारापाशी आलो होतो. 1916 साली ओगले बंधूंनी औंध संस्थानच्या आश्रयाने हा कारखाना येथे उभारला, त्याच्या प्रभाकर कंदिलाने महाराष्ट्रातील हजारो घरांत उजेड दिला, आणि पुढे तो बंदही पडला. पण माझ्या मनात होते ते संस्थान. कराड इंग्रजी अमलाखालचे. पूल ओलांडून या बाजूस आले की मुलूख औंधच्या पंतप्रतिनिधींचा. बहात्तर गावांचे विखुरलेले संस्थान, आणि त्याचे अधिपती भवानराव हे चित्रकार, कीर्तनकार, सूर्यनमस्कारांचे प्रसारक, उद्योगांचे पाठीराखे. वाईट राज्यकर्ता म्हणून त्यांचे नाव कोणी घेतले नाही. असा राजा, ज्याच्याविरुद्ध प्रजेचे बंड नव्हते, त्याने गांधीजींचा सल्ला घेऊन जानेवारी 1939 मध्ये स्वराज्याची घटना दिली आणि आपली सत्ता सोडून दिली. कारभाराचा पाया गावची निवडून आलेली पंचायत. पंचायतींतून तालुक्याचे मंडळ, आणि त्यातून संस्थानची विधानसभा. राजपुत्र अप्पासाहेब पंत आणि परदेशातून आलेला अभियंता मॉरिस फ्रिडमन गावोगाव हिंडून पंचायती बसवीत होते. निवाडे गावात होऊ लागले, हिशेब गावात वाचला जाऊ लागला.

"भवानरावांहून सज्जन प्रशासक आपल्याला कोणता मिळणार आहे?" मी विचारले. "त्यांनाच जर वाटले की आपल्या चांगुलपणावर बहात्तर गावांनी विसंबून राहू नये, तर आपण कोणाच्या चांगुलपणावर छत्तीस जिल्हे सोडावयाचे?"

अप्पासाहेब विचारी गृहस्थ आहेत. त्यांनी घाईने उत्तर दिले नाही. थोड्या वेळाने म्हणाले, "तो प्रयोग नऊ वर्षे चालला. 8 मार्च 1948 ला संस्थान विलीन झाले आणि प्रयोग संपला. बहात्तर गावांत सर्वांना सर्वांचे तोंड ठाऊक असते. मुंबई महापालिकेचे 2025-26 चे अंदाजपत्रक 74,427 कोटींचे आहे. तेथे पंचायतीचा न्याय कसा लावाल? मोठ्या पैशाला मोठा नियम लागतो, आणि नियम चालविणारा माणूस निवडणुकीच्या खर्चाच्या ओझ्याखाली नसलेला बरा."

"तो 74,427 कोटींचा अर्थसंकल्प मुंबईकरांच्या एकाही प्रतिनिधीने उभे राहून तपासला नाही," मी म्हणालो. "मार्च 2022 पासून तेथे आयुक्त हेच स्थायी समिती, आयुक्त हेच सभागृह, आणि आयुक्तांची नेमणूक करणारे सरकार मंत्रालयात. पैसा जितका मोठा तितकी त्याविषयी विचारणाऱ्यांची संख्या अधिक हवी. खर्चाच्या ओझ्याचे म्हणाल, तर आमदारावर ते कमी असते काय?"

याचे उत्तर त्यांनी दिले नाही, आणि मीही त्यावर अधिक ताणले नाही. कारण निवडणुकांत पैसा कसा वाहतो याविषयी त्यांच्या मनात जी शिसारी आहे ती त्यांनी सेवेत असताना जवळून पाहिलेल्या गोष्टींतून आलेली आहे, आणि ती खोटी ठरविण्याइतके पुरावे माझ्यापाशी नाहीत.

परतीच्या वाटेवर आमचे बोलणे राज्याच्या राजकारणाकडे वळले, आणि तेथे अप्पासाहेबांची तक्रार माझ्याहून तिखट निघाली. आमदार पक्ष बदलतात, निष्ठा विकल्या जातात, सकाळी एकाच्या आणि सायंकाळी दुसऱ्याच्या व्यासपीठावर दिसतात; अशा लोकांच्या हाती आणखी संस्था कशाला द्यावयाच्या, असा त्यांचा सवाल. मला त्यातच उलटी दिशा दिसते. या साडेतीन वर्षांत महाराष्ट्रात लोकांनी निवडून दिलेला आणि हाती खरा पैसा असलेला माणूस म्हणजे आमदार, एवढाच उरला. ग्रामपंचायतींच्या निवडणुका होत राहिल्या, पण सरपंचाच्या हाती मोरी बांधण्याइतकाही निधी नसतो. सरपंच आणि आमदार यांच्यामधली जागा जर सभापतींनी, अध्यक्षांनी, नगरसेवकांनी भरलेली असती, तर पक्ष सोडणाऱ्या आमदारास आपल्याच तालुक्यातल्या पन्नास निवडून आलेल्या कार्यकर्त्यांना तोंड द्यावे लागले असते; त्यांतले काही त्याच्याबरोबर गेले असते, काही आडवे उभे राहिले असते, आणि मुंबईतला सौदा मुंबईत पुरा झाला नसता. विधान परिषदेतही स्थानिक संस्थांच्या सदस्यांनी निवडून द्यावयाच्या 22 जागा आहेत. आमच्या सांगली-सातारा मतदारसंघाची जागा डिसेंबर 2022 मध्ये रिकामी झाली आणि रिकामीच राहिली, कारण मत देणारे सदस्यच अस्तित्वात नव्हते. राज्याच्या वरिष्ठ सभागृहात दोन जिल्ह्यांचा आवाज बंद झाला आणि त्याची बातमी आतल्या पानावर चार ओळींत आली.

हे प्रथमच घडले असेही नाही. महाराष्ट्रात जिल्हा परिषदांच्या निवडणुका 1979 साली झाल्या त्यानंतरच्या 1992 साली झाल्या. मध्ये तेरा वर्षे गेली, आणि त्या काळात सत्तेवर कोण कोण होते याची यादी केली तर कोणत्याही पक्षास दुसऱ्याकडे बोट दाखविता यावयाचे नाही. 1979 च्या त्या निवडणुकीत तासगाव तालुक्यातल्या सावळज गटातून आर. आर. पाटील नावाचा सामान्य घरातला तरुण निवडून आला होता. ग्रामस्वच्छता अभियानाची जी घडी पुढे ग्रामविकासमंत्री म्हणून त्याने बसविली तिची जाण त्याला जिल्हा परिषदेच्या सभागृहात आली. त्या तेरा वर्षांत असे किती तरुण दारातच राहिले, याचा हिशेब मांडता येत नाही. म्हणूनच 73 व्या आणि 74 व्या घटनादुरुस्तीने 1993 साली लिहून ठेवले की मुदत पाच वर्षांची, त्याहून अधिक नाही, आणि ती संपण्यापूर्वी निवडणूक झाली पाहिजे. एवढे स्पष्ट लिहूनही जे घडले ते घडले.

कृष्णेच्या पुलावर आलो तेव्हा अप्पासाहेब म्हणाले, "निवडणुका होतील तेव्हा मी मतदान करीन, गुरुजी. कर्तव्य म्हणून करीन. पण तुमच्याइतकी आशा माझ्यापाशी नाही." मी त्यांना म्हणालो की आशेचा प्रश्न नाही, शेतकऱ्याच्या खिशातला तो अर्ज कोणापुढे ठेवावयाचा, हा प्रश्न आहे, आणि तो तुम्हीच आज सकाळी अर्धा सोडविला आहे. ते हसले, पण त्यांनी मत बदललेले नाही, आणि मीही बदललेले नाही.

सर्वोच्च न्यायालयाने तेव्हा दिलेली अखेरची मुदत 31 जानेवारी 2026 ची होती. निवडणूक येईल तेव्हा आपल्या दारी मत मागावयास माणसे येतील. त्यांत फलकावरचा तो तरुणही असेल. वाचकांना माझी विनंती आहे की त्यांच्याकडे बाक, शेड आणि पेव्हर ब्लॉक मागू नका. त्यांना एवढेच विचारा: प्रभागरचनेचा अधिकार राज्य निवडणूक आयोगाकडे परत द्यावा, आणि पुढची निवडणूक तुमची पाच वर्षांची मुदत संपण्यापूर्वी व्हावी, असा ठराव तुम्ही पहिल्याच सर्वसाधारण सभेत मांडाल काय? जो आपल्या पक्षाच्या आमदाराकडे न पाहता होय म्हणेल, त्याला मत द्या.